सुरीचा दाखला आणि पिंपांचा हिशेब

‘सुरीने खून होतो म्हणून सुरीवर बंदी घालणार का?’ रसायनांवरच्या नियंत्रणाचा विषय निघाला की हा दाखला हमखास येतो. चटपटीत आहे, पण लंगडा. बंदी मागितली आहे कोणी? अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड अ‍ॅस्पिरिनला लागते आणि मॉर्फिनचे हेरॉइन करायलाही. इफेड्रिन औषधातही चालते आणि मेथॅम्फेटामिनसाठीही पळवले जाते. म्हणूनच केंद्राच्या 2013च्या आदेशाने अशा पदार्थांवर बंदी न घालता हिशेब मागितला: नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी, रोजची नोंदवही, तिमाही पत्रक, मालासोबत कन्साइनमेंट नोट. जीएसटीची विवरणे निमूट भरणाऱ्याला नेमका हाच जाच वाटावा, ही गंमतच. शिवाय सुरी कोणी टनावारी नेत नाही.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. ‘कायदा होताच की, काय झाले?’ 2016 मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून ठाणे पोलिसांनी 18 टनांहून अधिक इफेड्रिन पकडले, आणि इफेड्रिन तर त्या आदेशाच्या यादीतलेच. पण यावरून वही मागणेच चुकले असे ठरत नाही. पत्रकातले आकडे टेबलाशी बसून तपासता येतात. पिंपे मोजायला शेडमध्ये जावे लागते. ते जाणे वाढवा. कागदांनी छोटा कारखानदार बेजार होतो, हे मला मान्य आहे. त्याचे कागद खुशाल कमी करा.

खरे दुखणे यादीचे आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन 2015 मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आले, तरी 2024 मध्ये पुणे पोलिसांना कुरकुंभच्या कारखान्यात ते शेकडो किलो सापडले. कच्च्या मालातल्या एका रसायनावर बोट ठेवावे, तर बनवणारा त्याच्या चुलतभावाकडे वळतो. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने 2024 मध्ये अ‍ॅम्फेटामिनच्या कच्च्या मालाची अशी भावकीच एकदम यादीत घेतली. आपल्यालाही तोच रस्ता धरावा लागेल.

आणि विक्रेत्याला कामाला लावावे लागेल. अनोळखी गिऱ्हाईक रोखीने दहा पिंपे उचलते, पत्ता बंद पडलेल्या युनिटचा देते, हे व्यापाऱ्याला इन्स्पेक्टरच्या आधी कळते. कळते शेडमालकालाही. वीजबिल चढते, टँकर येतात, दिवसा कुलूप आणि रात्री पाळी. भाडे वेळेवर मिळते, मग ‘बाबा रे, आत शिजवतोस काय?’ हे विचारायचे राहून जाते.