शुक्रवार ते सोमवार

१९१२च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके लंडनमध्ये एका साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. ‘बायोस्कोप’ हे सिनेमाच्या धंद्याला वाहिलेले साप्ताहिक, आणि फाळके त्याचे मुंबईचे वर्गणीदार. संपादक केबर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच केले. इथे इंग्लंडात चित्रपट काढणारे बुडताहेत, तिथे हिंदुस्थानच्या हवेत हे कसे जमायचे? गडी बधत नाही असे दिसल्यावर मात्र त्याच केबर्ननी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओचा रस्ता दाखवला. विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून फाळके परतले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढच्या वर्षी ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सोबत तीन चित्रपट होते. तिथे खेळ झाले, कौतुक छापून आले, इथेच राहून चित्रपट काढा असा प्रस्तावही आला. फाळके नाही म्हणाले आणि नाशिकला परतले.

म्हणजे आपल्या चित्रपटाच्या पाचवीला पूजलेले दोघेजण पहिल्यापासून ठरलेले आहेत. एक, चित्रपटावर लिहिणारा. दुसरा, साता समुद्रापलीकडचा प्रेक्षक. शंभरावर वर्षे उलटली, तरी दिवाळीच्या आठवड्यात शेकडो कोटी पणाला लावणाऱ्या निर्मात्याला सर्वांत जास्त धास्ती आणि सर्वांत जास्त आशा याच दोघांची असते. परीक्षणाने चित्रपट चालतो की नाही, हा वाद दर दिवाळीत नव्याने झडतो. आम्हाला तो फोल वाटतो. परीक्षणाने चित्रपट चालत नाही आणि पडतही नाही; चांगले परीक्षण चित्रपटाला मुदत मिळवून देते, एवढेच. परदेशातला प्रेक्षकही तेच करतो. आणि आजच्या धंद्यात नेमकी मुदतच कोणाकडे उरलेली नाही.

‘शोले’ला २०२५मध्ये पन्नास वर्षे झाली. १५ ऑगस्ट १९७५ला तो लागला, तेव्हा परीक्षणे बेतास बात होती आणि धंद्यातल्या जाणत्यांनी तर तो पडल्याचेच जाहीर केले होते. शेवट बदलावा काय, इथपर्यंत खल झाला. पण चित्रपट उतरवण्याची घाई कोणाला नव्हती. प्रेक्षक येत राहिले, संवाद पाठ करून बाहेर पडत राहिले, आणि मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. समजा, तोच चित्रपट आज शुक्रवारी हजारो पडद्यांवर लागला असता. त्याच दिवशी दुपारपर्यंत त्याचा निकाल मोबाइलवर फिरला असता, सोमवारी निम्मे खेळ कापले गेले असते आणि पुढच्या शुक्रवारी त्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली असती. गब्बरचे संवाद लोकांच्या ओठांवर रुळायलाही तेवढा वेळ पुरला नसता.

भव्य चित्रपटाचे गणितच आता असे बांधलेले असते की पैसा शुक्रवार ते रविवार निघाला पाहिजे. माउथ पब्लिसिटी पोचण्याआधी जेवढी तिकिटे खपतील तेवढी खपवायची. सोमवारची कमाई शुक्रवारच्या किती टक्के, यावर चित्रपटाचे आयुष्य ठरते. अशा वेळी परीक्षण म्हणजे मत राहत नाही, ते बाजारात आडवे येणारे माणूस होते. म्हणून मग त्या माणसाला थोडा वेळ गप्प बसवा, अशी मागणी येते. केरळ उच्च न्यायालयात २०२३ साली हे प्रकरण गेले, आणि न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी पुढच्या वर्षी शिफारस केली की व्हिडिओवाल्या समीक्षकांनी प्रदर्शनानंतर ४८ तास थांबावे. डिसेंबर २०२४मध्ये तमिळ निर्मात्यांची एक संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली: पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणांवर बंदी घाला. न्यायालयाने नकार दिला. टीका करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे त्याचे म्हणणे पडले.

निर्मात्यांची तक्रार सगळीच खोटी नाही. पैसे घेऊन तारे वाटणारे आहेत, पैसे मिळाले नाहीत म्हणून चिखल उडवणारेही आहेत, आणि चित्रपट न बघता शिव्या घालणारे तर फुकटच राबतात. पण मागितलेली मुदत नीट पाहा. तीन दिवस. म्हणजे बरोबर पहिला शनिवार-रविवार. ज्याला आपल्या चित्रपटावर भरवसा आहे तो तीन महिने मागेल. तीन दिवस मागणाऱ्याचा भरवसा चित्रपटावर नसून आगाऊ तिकीटविक्रीवर असतो.

शिवाय हे तोंड बांधायचे तरी कुठे? मोठ्या तेलुगू चित्रपटाचे पहिले खेळ अमेरिकेत, डॅलस किंवा न्यू जर्सीत, आदल्या संध्याकाळी होतात. तिकीट नेहमीपेक्षा महाग, आणि ते महाग तिकीट विकणारा निर्मात्याचाच वितरक. हैदराबादेत पहाट होते तेव्हा तिकडचा प्रेक्षक चित्रपट पाहून बाहेर पडलेला असतो आणि पार्किंगमध्ये उभ्या उभ्या निकाल लिहून मोकळा होतो. आखाती देशांतले खेळही अनेकदा गुरुवारीच सुरू होतात. म्हणजे परदेशी प्रेक्षक हाच आता पहिला समीक्षक आहे, आणि त्याला ती जागा निर्मात्यांनीच चढ्या दराने विकली आहे. याचा खटला कुठल्या न्यायालयात भरणार?

दूरच्या प्रेक्षकाची खरी गोष्ट मात्र चीनमध्ये घडली, आणि तिचे दोन अंक दिवाळीचेच आहेत.

‘दंगल’ भारतात लागला डिसेंबर २०१६मध्ये. चीनमध्ये पोचला ५ मे २०१७ला. पहिल्या दिवशी तिथे त्याला फार गर्दी नव्हती. तिथल्या बहुसंख्य प्रेक्षकांना कुस्तीचे, हरियाणाचे, फोगट घराण्याचे काय देणेघेणे? पण ‘दौबान’ या तिथल्या लोकप्रिय संकेतस्थळावर प्रेक्षक त्याला दहापैकी नऊच्या वर गुण देऊ लागले, खेळ वाढले, दिवसाची कमाई उतरण्याऐवजी चढत गेली. अखेर चीनमधला गल्ला भारतातल्या गल्ल्याच्या दुपटीहून अधिक भरला. मुलींना कुस्तीत उतरवणारा हा बाप मुक्तिदाता की हुकूमशहा, यावर तिथे बायकांनी आणि पुरुषांनी जोरदार वाद घातले. आपल्याकडे तो वाद त्या तीव्रतेने झालाच नाही. आपण राष्ट्रगीताला उभे राहिलो आणि घरी गेलो.

त्याच वर्षीच्या दिवाळीत ‘सीक्रेट सुपरस्टार’ लागला. बुरखा घालून गाणारी बडोद्याची मुलगी, मारकुटा बाप, पिचलेली आई. दुसऱ्याच दिवशी ‘गोलमाल अगेन’ आला आणि दिवाळी त्याने खिशात घातली. सहकुटुंब फराळ करून निघालेल्या माणसाला रडायला जायचे नव्हते, यात त्याची काही चूक नाही. ‘सीक्रेट सुपरस्टार’चा भारतातला निव्वळ गल्ला साठ-पासष्ट कोटींच्या आसपास राहिला. तीन महिन्यांनी तोच चित्रपट चीनमध्ये लागला आणि ७० कोटी युआनच्या वर गेला. आपल्या रुपयांत सातशे कोटींहून जास्त. दिवाळीत त्याला जी मुदत मिळाली नाही ती तिथे मिळाली.

आणि पुढची दिवाळी? ८ नोव्हेंबर २०१८, पाडवा. आमिर खान, अमिताभ बच्चन, ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’. पहिल्या दिवशी पन्नास कोटींच्या वर, हिंदी चित्रपटाने तोवर न पाहिलेला आकडा. भाऊबीजेला लोक एकमेकांना सांगू लागले, जाऊ नका. भारतातल्या एकूण कमाईचा सुमारे एक तृतीयांश भाग त्या पहिल्याच दिवसाचा आहे. यापेक्षा बोलके परीक्षण कोणी लिहिले नाही. चीनमध्ये आमिरला लोक डोक्यावर घेतात, तेव्हा तिथे भरपाई होईल असा हिशेब होता. डिसेंबरअखेर चित्रपट तिथे लागला आणि तिथेही आपटला. आमिरवर जीव टाकणाऱ्या त्याच प्रेक्षकांनी त्याला उभे केले नाही. दूरचा प्रेक्षक भोळा असतो, त्याला नाव पुरते, या समजुतीवर पोसलेला एक अख्खा व्यवहार त्या हिवाळ्यात उघडा पडला. काही महिन्यांनी तिथेच ‘अंधाधुन’ने तीनशे कोटींच्या वर मजल मारली. त्यात ना खान होता ना बच्चन.

उलटा दाखला हॉलिवूडचा. २०१६चा ‘वॉरक्राफ्ट’ अमेरिकेतल्या समीक्षकांनी सोलून काढला. तिथे तो पाच कोटी डॉलरपर्यंतही पोचला नाही. चीनमध्ये वीस कोटींच्या पार गेला, कारण ज्या व्हिडिओ गेमवर तो बेतला होता तो खेळत तिथली एक पिढी मोठी झाली होती. तरीही त्याचा पुढचा भाग आजतागायत निघालेला नाही. यामागे एक साधा हिशेब आहे, जो आपल्याकडच्या बातम्यांत क्वचितच येतो. कमाईत वाटा देण्याच्या पद्धतीने चीनमध्ये जाणाऱ्या परदेशी चित्रपटाच्या निर्मात्याला तिकीटबारीवरचा साधारण २५ टक्के हिस्सा मिळतो. हजार कोटींचा मथळा वाचून आपण हरखतो, पण निर्मात्याच्या हाती त्याचा चतुर्थांश येतो, आणि एखाद्या सीमेवर तणाव वाढला तर तोही बंद होतो. गलवाननंतर भारतीय चित्रपटांना चीनचे दार जवळजवळ लागलेच होते. नोव्हेंबर २०२४मध्ये विजय सेतुपतीचा तमिळ ‘महाराजा’ तिथे लागला तेव्हा ते किलकिले झाले.

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’पासून हिंदी चित्रपटाने लंडन-न्यू यॉर्कच्या आपल्याच माणसांसाठी जे काही केले, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. इथे एवढेच नोंदवतो की १९९८चा ‘दिल से’ भारतात पडला आणि ब्रिटनच्या पहिल्या दहांत शिरला. पाउंडाचा भाव तेव्हापासून निर्मात्याच्या डोक्यात जो बसला तो उतरलेला नाही.

मुदतीचा सर्वांत कडू हिशेब गुरुदत्तचा, ज्याची जन्मशताब्दी २०२५मध्ये झाली. ‘कागज के फूल’ १९५९मध्ये कोसळला. त्यानंतर आपल्या नावाने दिग्दर्शित केलेला एकही चित्रपट गुरुदत्तने केला नाही, आणि पाच वर्षांनी तो गेला. १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी तो चित्रपट उचलून धरला, आणि त्याच सुमारास मराठीत अरुण खोपकरांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ आले. परीक्षण पंचवीस वर्षे उशिरा आले तर ते चित्रपटाला पावते, माणसाला नाही.

आता घरचे. मराठी चित्रपटाला परदेशी शाबासकीची सवय जुनी आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७मध्ये व्हेनिसला वाखाणला गेला. पण मुंबईत सेंट्रलमध्ये तो वर्षाहून अधिक काळ चालला, तो काही व्हेनिसची बातमी वाचून आलेल्यांच्या जिवावर नव्हे. ‘सैराट’ आधी बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, हे करमाळ्यातल्या किती जणांना ठाऊक होते? काही गावांत मध्यरात्रीचे आणि पहाटेचे खेळ लावावे लागले ते गाण्यांमुळे, आर्ची-परश्यामुळे आणि त्या शेवटामुळे. शंभर कोटींचा आकडा मराठीने पहिल्यांदा पाहिला तो असा.

२०२५च्या जानेवारीत रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातला ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस काढायला मुंबईहून गावी आलेला तरुण आणि त्याचा लहानपणीचा मित्र, यांच्या प्रेमाची ही गोष्ट आहे. परदेशी समीक्षकांनी भरभरून लिहिले. सप्टेंबरात चित्रपट आपल्याकडे मोजक्या पडद्यांवर लागला, तेव्हा त्याला हवा होता तो सनडान्सचा शिक्का नव्हे. हवे होते तिसऱ्या आठवड्यातही सोयीच्या वेळेचे खेळ, आणि ते मिळावेत म्हणून दुसऱ्या आठवड्यात लिहिणारी मराठी माणसे. वृत्तपत्रांत परीक्षणाची जागा एका चौकटीवर आणि साडेतीन ताऱ्यांवर आली आहे. दुसऱ्या आठवड्यात लिहिलेले छापायला तिथे कोणी तयार नसते. सॅन होजेत मराठी चित्रपटांचा महोत्सव भरतो, बे एरियातली मंडळी तिकिटे काढून जातात, याचा आनंद आहेच. पण सांगलीतल्या दुपारच्या खेळाला ते येऊ शकत नाहीत.

दिवाळी अंकाला या बाबतीत एक सोय आहे. आम्ही वर्षातून एकदा येतो, आणि आम्ही छापलेल्या परीक्षणाने कुणाचाही शुक्रवार बिघडत नाही. या अंकातल्या चित्रपटविभागात म्हणून आम्ही वर्षभरात येऊन गेलेल्या चित्रपटांवर सविस्तर लेख मागवले. तारे दिलेले नाहीत, कमाईचे आकडे दिलेले नाहीत. लेखकांना एकच अट घातली: चित्रपट दोनदा पाहा, आणि दुसऱ्यांदा पाहताना मत बदलले तर तसे लिहा. दोघांचे बदलले. त्यांचे लेख आधी घेतले आहेत.