असू दे, लागेल!

मराठी माणसाचं घर तीन शब्दांवर उभं असतं: "असू दे, लागेल!" या तीन शब्दांच्या आधारावर आमच्या माळ्यावर एक पितळी स्टोव्ह आणि चार पाट वीस वर्षं मुक्काम ठोकून आहेत. घराबद्दल माझी तक्रार नाही. (ऐकतो कोण?) पण कॉम्प्युटरच्या बाबतीत हे तीन शब्द मी खपवून घेणार नाही.

कन्येच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर दहा वर्षांचा. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून होई. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या. नवा घ्यायचा तर बोनसची वाट पाहा! मी त्याच्यावर डेबियन नावाचं लिनक्स घातलं. १९९३ साली इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं; मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान अशी जोडून नाव ठेवलं. आमच्याकडे असं जोडनाव फक्त लॉकरच्या कार्डावर आहे.

शेवटी एक यादी येते: काय काय हवं? मी किरकोळ अवजारं सोडून सगळ्या खुणा काढल्या. पडदा काळा, वर एक लुकलुकती रेघ. ही म्हणाली, "बिघडवलात ना?"

बँकेतले एक सहकारी म्हणाले, "अहो, सगळंच टाकायचं. डिस्क किती स्वस्त झालीय!" साहेब, प्रश्न जागेचा नाहीच! ठेवलेला प्रत्येक प्रोग्रॅम अद्ययावत ठेवावा लागतो. काही तर न बोलावता उठतात आणि मेमरी खात बसतात. शिवाय एकेक प्रोग्रॅम म्हणजे चोराला एकेक जादा दार. तिजोरीच्या किल्ल्या आपण "असू दे, लागेल" म्हणून शाखाभर वाटतो का? डेबियनच्या २०२३ च्या आवृत्तीत ६४ हजारांवर पॅकेजं होती, सगळी फुकट. वाणी कोपऱ्यावर असताना घरात पोती कशाला रचायची?

मी मोजकंच आणलं: एक्सएफसीई, फायरफॉक्स, लिहायला रायटर, हिशेबाला कॅल्क. चहा गरम असतानाच कॉम्प्युटर सुरू! विजयी मुद्रेनं कन्येची मराठीची टिपणं उघडली. पानभर नुसते रिकामे चौकोन. देवनागरी फॉन्ट आणायचाच राहिला होता.

"असू दे म्हटलं असतंत तर?" ही.

"लागला, म्हणून आणतोय," मी लोहित फॉन्ट उतरवत म्हणालो. "दोन मिनिटांत येतो."

"आणि उद्या पाट लागले, तर तेही तिथूनच उतरवणार का?"