कॉलेजात आपल्याबद्दल काय शिकवतात?

आपल्या पाड्यांवरची पोरं आता कॉलेजात जायला लागलीत. आईबापाने मजुरी करून पाठवलंय. पण तिथे आपल्याबद्दल काय शिकवतात, हे आता संघटनेने विचारलं पाहिजे.

राबाचंच घ्या. पावसाआधी आपण शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत रचून वर माती टाकून रोपाची जागा भाजतो. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, भाताचं, नागलीचं रोप जोमाने येतं. एका कॉलेजातल्या आपल्या पोरांनी नोट्स दाखवल्या. त्यात एवढंच आहे की आदिवासी झाडं तोडतो, जाळतो, म्हणून जंगल संपलं. रेल्वेला स्लीपर कोणी पुरवले, कूपाचे ठेके कोणी घेतले, त्याचा एक शब्द नाही. राबावर बंधनं आली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली, की 1885 साली इंग्रजाला कमिशन नेमावं लागलं. हेसुद्धा नाही.

इतिहासात 1942 आहे, 1945 नाही. वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी मोडली, तलवाड्याला गोळीबारात आपली माणसं पडली. साहेब म्हणतात लेखी पुरावा पाहिजे. गोदूताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 सालीच छापून आलंय की! आणि त्या लढ्याच्या गोष्टी ऐकलेली म्हातारी माणसं अजून पाड्यांवर आहेत. गॅदरिंगला तारपा वाजवायला आपल्याला बोलावतात, मग वर्गात बोलायला का नाही बोलवत?

हा काही फक्त मानाचा प्रश्न नाही. नोट्स पाठ करणारा पोरगाच उद्या तलाठी होतो, फॉरेस्टर होतो. प्लॉटवर उभं पीक बघतो आणि कागदावर ‘अतिक्रमण’ लिहितो. तो आपला पोरगा असला तरी तेच लिहील, कारण त्याला तेच शिकवलंय. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन परत देण्याचा कायदा आहे. तो वर्गात शिकवा, सातबारा हातात देऊन शिकवा. आदिवासी नसलेल्या पोरांनाही शिकवा, त्यांना तर जास्तच गरज आहे.

प्राचार्यांना आणि विद्यापीठाला निवेदन द्यायचं आहे. त्यासाठी कॉलेजातल्या पोरापोरींनी आपल्या वह्या घेऊन ऑफिसात यावं. आदिवासीबद्दल जे जे लिहून दिलंय ते उतरवून काढू. येताना घरातल्या एका म्हाताऱ्या माणसालाही घेऊन या.