मायाळू बाई पाहिजे

वर्षभर एकच वाक्य कानावर पडत राहिलं आणि दर वेळी सलत राहिलं. 'आईसाठी बाई बघतोय. मायाळू पाहिजे, बाकी काही नको.' वर्गणी भरायला आलेले वाचक, लेख द्यायला आलेले लेखक, घरचे, शेजारचे. ज्याच्या घरात डिमेन्शिया झालेलं माणूस आहे, तो प्रत्येक जण हेच म्हणतो. 'तिला या आजाराचं काही शिकवलंय का?' असं विचारणारं कुणी भेटलं नाही.

वर्ष तसं घडामोडींचं गेलं. दिल्लीत ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं. पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्याची उभी पिकं नेली. त्यावर जाणत्यांचे लेख आत आहेत. ही दोन पानं मात्र मला त्या मायाळू बाईसाठी हवी आहेत.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने दिला. म्हणजे शंभरात सातांहून अधिक. त्यांना सांभाळतं कोण? बायको, सून, लेक. शहरात ज्यांना परवडतं त्यांच्याकडे ब्यूरोतून आलेली बाई किंवा मामा, बारा तासांचे नाहीतर चोवीस तासांचे. त्यांना बीपी मोजायला, डायपर बदलायला, कुशीवर वळवायला शिकवलेलं असतं, तेही नशिबात असलं तर. ज्याचा मेंदू दिवसेंदिवस साथ सोडतो आहे त्याच्याशी बोलायचं कसं, हे त्यांना सहसा कुणीच सांगितलेलं नसतं.

आमचे एक जुने वर्गणीदार एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. तिन्हीसांजा झाल्या की ते उठतात आणि दाराची कडी काढू लागतात. डेपोत कॅश भरायची असते. आधीचा मामा म्हणायचा, 'बाबा, तुम्ही रिटायर झालात. गाडी नाही नि डेपो नाही. बसा गप.' बाबा चिडायचे, मामा दारात आडवा उभा राहायचा, ओढाताण व्हायची. बाबांच्या दंडावर काळेनिळे वळ आणि मामाच्या मनगटावर बाबांचे दात. शेवटी गोळी वाढली, बाबा दिवसाही पेंगू लागले आणि एका रात्री बाथरूमच्या वाटेवर पडले.

मग ज्या बाई आल्या, त्या डिमेन्शियाच्या रुग्णांच्या एका दिवसकेंद्रात काम शिकलेल्या होत्या. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, 'आज कुठली गाडी होती, बाबा? गर्दी होती का?' चिल्लरचा डबा टेबलावर उपडा केला. बाबांनी दहाची, पाचची, दोनची नाणी वेगळी लावली, कागदावर वेबिल लिहिल्यासारखे आकडे मांडले, खाली सही केली आणि चहा मागितला. बाईंच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. उठण्याआधी बाबा लेंग्याच्या नाडीशी चाळा करतात. त्यांना लघवीला जायचं असतं आणि ते सांगता येत नाही. आता त्या दिवेलागणीच्या आधीच घरातले दिवे लावतात, बाबांना बाथरूमला नेऊन आणतात आणि मग डबा काढतात. दाराची ओढाताण जवळजवळ थांबली आहे.

आधीचा मामा वाईट नव्हता. जीव लावणारा होता, बाबांना घास भरवताना त्यांच्याशी गप्पा मारायचा. पण आजार माणसाला चावायला लावतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारा खत्रूड आहे. जे शिकवल्याशिवाय येत नाही त्याची अपेक्षा आपण त्याच्याकडून केली आणि नाही जमलं तेव्हा त्याला काढून टाकलं. शिक्षणाने त्याचंही मनगट वाचलं असतं.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी हे पाहिलं आणि १९९७ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. काळजी घेणारी चांगली माणसंसुद्धा रुग्णाला कसं लहान करतात, याची त्यांनी यादीच केली. फसवून न्यायचं, लहान मुलासारखं बोलायचं, झेपणार नाही इतकी घाई करायची, समोर बसवून त्याच्याविषयी दुसऱ्याशी बोलायचं. यात दुष्टावा नसतो, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. या यादीतलं निदान एखादं तरी आपल्या प्रत्येकाच्या घरात रोज घडतं. आल्यागेल्याने 'मला ओळखलंत का?' म्हणून परीक्षा घेणं, हे मी त्यात घालीन.

अंघोळीचंच बघा. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अनेक घरांत यावरून रडारड होते. शॉवरचा आवाज, अंगावर अचानक आलेलं पाणी, परक्यासमोर उघडं होण्याची लाज, यातलं काहीही नकाराचं कारण असू शकतं. शिकलेली बाई बाथरूम आधी उबदार करते, अंगावर टॉवेल राहू देते, पाणी पायांपासून घालते, जन्मभराच्या सवयीचे बादली आणि तांब्या वापरते, एका वेळी एकच गोष्ट सांगते. दारातल्या रांगोळीत गडद रंग भरला तर आजींना तो खड्डा वाटू शकतो आणि त्या उंबरठ्यावर अडतात, हेही तिला ठाऊक असतं. काल बरी असलेली व्यक्ती आज एकाएकी भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर ती 'वयच झालं आता' म्हणत नाही, लघवीचा जंतुसंसर्ग तर नाही ना, हे तपासायला लावते.

असे शिकलेले हात नसले की त्यांच्या जागी गोळी येते. ब्रिटिश सरकारने मानसोपचारतज्ज्ञ सुबे बॅनर्जी यांच्याकडून करून घेतलेल्या २००९ च्या अहवालात त्या देशात डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना दर वर्षी मनोविकारावरची औषधं दिली जात असल्याचं आणि त्यापायी वर्षाला सुमारे १,८०० जास्तीचे मृत्यू होत असल्याचं अनुमान होतं. जपानने २००५ पासून दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुलं यांना डिमेन्शिया समजून घेण्याचा दीड तासाचा वर्ग द्यायला सुरुवात केली. तो केलेले लोक आज तिथे एक कोटीहून अधिक आहेत.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. केरळात १९९२ साली सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाचं काम मुंबई-पुण्यापर्यंत आलेलं आहे. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'अस्तु' हा चित्रपट आपण पाहिला, डॉ. मोहन आगाशे यांच्या डिमेन्शिया झालेल्या शास्त्रीबुवांनी आपल्याला हलवलं. पण थिएटरबाहेर पडून आपण पुन्हा मायाळू बाईच शोधू लागलो. आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम असतो, फिटरचा असतो. तिथेच प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या सरावासह डिमेन्शियाच्या काळजीचा अभ्यासक्रम राज्य सरकारने का सुरू करू नये? आणि ज्याने तो केला नाही, त्याला अशा घरी पाठवायला ब्यूरोला मुभा का असावी?

यंदाच्या अंकाचं सूत्र 'हातचं काम' आहे. येवल्याची पैठणी, कोल्हापुरी चप्पल, सावंतवाडीची लाकडी खेळणी, सगळं आत आहे. पैठणीच्या मागावर बसण्याआधी हात तयार व्हावा लागतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. कंडक्टरबाबांच्या बाईंचं काम मी त्याच रांगेत ठेवतो, म्हणून हा विषय इथे.

यापुढे ब्यूरोला फोन कराल तेव्हा विचारा: डिमेन्शियाचं काय शिकलीय, कुठे शिकलीय, कुणाच्या देखरेखीखाली शिकलीय? शिकलेली असेल तर ती जास्त पैसे मागेल, ते द्या. आठवड्याची सुट्टी द्या आणि त्या दिवशी स्वतः बसा. नसेल शिकलेली, तर तिच्या शिकण्याचा खर्च उचला आणि तिच्यासोबत घरातलंही एक माणूस पाठवा. हे काम शिकून करणाऱ्या बायकांचं आणि मामांचं लेखन आम्हाला पुढच्या दिवाळीसाठी हवं आहे. लिहिता येत नसेल तर कळवा, आमचा माणूस घरी येऊन लिहून घेईल. पत्ता शेवटच्या पानावर आहे.

– संपादक