काचेतला समुद्र आणि आपली घागर

नांदेड-लातूरच्या माणसाला समुद्र पाहायचा तर रात्रभराचा प्रवास करावा लागतो. पण त्या समुद्राचा एक तुकडा काचेच्या पेटीत घालून दिवाणखान्यात ठेवण्याची हौस आता आपल्याही गावांत आली आहे. कॉलेज सुटल्यावर मी लोकांकडचे फिशटँक धुण्याचे काम करतो. गोड्या पाण्याच्या टाक्यांचा हात बसला होता. गेल्या वर्षी खाऱ्या पाण्याच्या टाकीशी गाठ पडली आणि अंगात आलेली सारी हुशारी चार दिवसांत उतरली.

एका गृहस्थांच्या नव्या दुकानाचे उद्घाटन होते. सोमवारी टाकी भरली, बुधवारी तीत चार क्लाउनफिश सोडले, गुरुवारी पाहुण्यांनी कौतुक केले. रविवारी चारही मासे तळाशी पडलेले. मालक म्हणाले, "अरे, पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे, मग मेले कसे?" मला उत्तर अर्धेमुर्धे ठाऊक होते. टाकी भरतानाही ठाऊक होते. पण मजुरी बुडेल म्हणून मी तोंड उघडले नाही. ते मासे माझ्याच हाताने सोडलेले होते.

उत्तर असे आहे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला मारतो. दगडांवर आणि वाळूत वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको. नुसते पाणी, दगड आणि जीवाणूंसाठी थोडा अमोनिया. पाहुण्यांना दाखवायला काही नाही, आणि नेमकी इथेच आपली घाई आडवी येते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय!

दुसरा धडा मिठाचा. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या काठीच उभे राहिले होते. आपल्याला मात्र समुद्र घरी कालवावा लागतो. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो मीठ. तेही स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच काही असते, म्हणून त्यासाठी मुद्दाम केलेले मीठ घ्यावे लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि टाकीला हवे असतात २५-२६ अंश. पंखा लावला तर पाणी भराभरा उडते. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरायची. खारे पाणी ओतणारा नवशिका रोज थोडे थोडे मीठ वाढवत जातो. शिवाय वीज गेली की पंप थांबतो आणि माशांचा श्वास कोंडतो. बॅटरीवरचा हवेचा पंप आधी घ्यावा, रंगीत दिवे मागाहून.

तिसरा धडा प्रवाळाचा. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, फूलही नव्हे. चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत असते आणि त्यांच्या पेशींत राहणारे शैवाल त्यांना अन्न पुरवते. पाणी फार तापले की शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. २००१ साली भारत सरकारने खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणजे कायद्याच्या लेखी वाघ आणि प्रवाळ एका पंगतीला. परदेशातली चित्रे पाहून कोणी तसा जिवंत तुकडा आणून देतो म्हणाला, तर त्याला हात जोडावेत. क्लाउनफिशची पैदास मात्र टाकीत होते; आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. तेव्हा तसेच मासे मागून घ्यावेत.

आता खरा प्रश्न. टाकीला नळाचे किंवा बोअरचे पाणी चालत नाही, आर.ओ.चे लागते, आणि घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकते. २०० लिटरसाठी चार-सहाशे लिटर! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आईबरोबर घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा असायचो. दुकानातली ती टाकी भरताना यंत्राचे पाणी मोरीत वाहत होते. तो आवाज ऐकून मला ती रांग आठवली, आणि तेव्हाही मी गप्पच राहिलो.

कोणी म्हणेल, मग हा छंदच बंद करा. मला ते पटत नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसाने सुंदर गोष्टींकडे पाहूच नये, असा काही नियम नाही. शिवाय एकदा भरलेली टाकी रोज ओतायची नसते. पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलले तरी पुष्कळ. माझे म्हणणे एवढेच, की ज्याला सहा आठवडे रिकाम्या टाकीसमोर बसवत नाही आणि यंत्राचे वाया जाणारे पाणी फरशीला, भांड्यांना, संडासाला वापरण्याची तसदी घेववत नाही, त्याने खाऱ्या टाकीच्या वाटेला जाऊ नये. त्याने गप्पी पाळावेत. त्यांनाही पाणी मुरू द्यावे लागतेच, पण ते पुष्कळ सोसतात आणि शिकवतातही पुष्कळ.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका घरून बोलावणे आले. वाढदिवस आठ दिवसांवर होता. मी म्हणालो, "काका, दीड महिना लागेल, आणि आधी बादल्या मांडाव्या लागतील." त्यांनी काम दुसऱ्याला दिले. माझी त्या महिन्याची मेस उधारीवर चालली आहे. तरी या वेळी मी बोललो, याचे समाधान आहे.