प्रतोद बेकायदा, सत्ता मात्र कायदेशीर!

महाडचे आमदार भरत गोगावले यांना शिवसेनेचे मुख्य प्रतोद म्हणून विधानसभाध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिला. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, फुटून निघालेल्या आमदारांच्या गटाचा नाही, हे त्यामागचे तत्त्व. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बहुमत चाचणीचा आदेश दिला, त्याला वस्तुनिष्ठ आधार नव्हता, हेही त्याच निकालात नमूद झाले. प्रतोद बेकायदा, राज्यपालांचा आदेश निराधार. पण या दोहोंच्या खांद्यांवर उभे राहिलेले सरकार मात्र जागच्या जागी! न्यायदानाच्या या रीतीला काय म्हणावे?

घटनाक्रम नीट पाहिला पाहिजे. २७ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपात्रतेच्या नोटिशींना उत्तर देण्यासाठी बंडखोर आमदारांना १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. २९ जूनला त्याच न्यायालयाने दुसऱ्या दिवशीची बहुमत चाचणी स्थगित करण्यास नकार दिला. चाचणीचा निष्कर्ष अंतिम निकालाच्या अधीन राहील, एवढेच आश्वासन दिले. त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. दहा महिन्यांनी न्यायालय म्हणाले की, चाचणीचा आदेशच चुकीचा होता. परंतु मुख्यमंत्र्यांनी स्वेच्छेने राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही. राजीनामा देणे ही ठाकरे यांची चूक होती, यात संशय नाही. सभागृहाला सामोरे न जाता घरी गेलेल्या नेत्याने रडगाणे गाऊ नये. पण जो आदेश निराधार होता, तो वेळेवर रोखण्याची संधी कोणासमोर चालून आली होती, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

पुढचा अंक अधिक बोलका आहे. अपात्रतेचा प्रश्न न्यायालयाने पुन्हा अध्यक्षांच्याच हाती सोपवला. ज्या अध्यक्षांचा निर्णय बेकायदा ठरला, तेच न्यायाधीश! त्यांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गटालाच खरी शिवसेना मानले, गोगावले यांची प्रतोदपदी निवड वैध ठरवली आणि एकाही आमदाराला अपात्र केले नाही. या निर्णयाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी विधानसभा निवडून येईपर्यंत तिचा अंतिम निकाल लागला नाही. ज्या सभागृहाच्या वैधतेचा वाद होता, ते सभागृह आपले आयुष्य सुखाने संपवून गेले. डिसेंबर २०२४ मध्ये गोगावले मंत्री झाले.

न्यायालयाने राजकारणापासून दूर राहावे, असा युक्तिवाद यावर केला जातो. संयम हा न्यायसंस्थेचा गुण खरा. परंतु वेळेवर निर्णय न देणे म्हणजे तटस्थता नव्हे. सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याच्या पारड्यात टाकलेले ते वजन असते. दुसरा युक्तिवाद असा की, २०१९ मध्ये महाड, अलिबाग आणि कर्जतच्या मतदारांनी कौल युतीला दिला होता, मग तो आधी मोडला कोणी? आक्षेप बिनतोड वाटतो. पण त्याचे उत्तर मतदारांकडे मागायचे असते. ते सुरत-गुवाहाटीच्या हॉटेलांत मिळत नाही. २०२४ मध्ये हेच तिन्ही आमदार पुन्हा निवडून आले, हे खरे. तथापि अडीच वर्षे सत्ता, निधी आणि यंत्रणा हाताशी ठेवून मग मिळवलेला कौल मागील अवैधतेला पूर्वलक्षी वैधता देऊ शकत नाही.

दोष एका निकालाचा नाही, रचनेचा आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराचा न्यायनिवाडा अध्यक्षांकडे दिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो मान्य केला. बहुमताच्या मर्जीवर टिकणारा अध्यक्ष निःपक्ष लवाद होऊ शकत नाही, हा इशारा त्या दोघांनी तेव्हाच दिला होता. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयानेच स्वतंत्र न्यायाधिकरणाची सूचना संसदेला केली. संसद ढिम्म राहिली. पक्षांतराची फळे चाखणारे पक्ष पक्षांतराचे मूळ कशाला उपटतील?

न्यायालयाच्या पायऱ्या म्हणजेच चळवळ, असे मानू लागलेल्या पुरोगाम्यांनीही या निमित्ताने आत्मपरीक्षण करावे. रायगड जिल्ह्याला हा धडा नवा नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी प्राशन केले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी तो मानला, कज्जा लढवला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. दहा वर्षे लागली. पण त्या दहा वर्षांत चळवळ कोर्टाच्या तारखांवर डोळे लावून बसली नाही. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनीही १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. उपासमार सोसली, पण संप मोडला नाही. १९७६ मध्ये आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाच्या मुक्ततेचा मार्ग बंद केला, एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. तो मार्ग १९७७ मध्ये जनतेनेच मतपेटीतून उघडला.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्या. त्यासाठी कालमर्यादा घटनेतच घाला. आणि सरकारच्या अस्तित्वाला हात घालणारे खटले त्या विधानसभेची मुदत सरण्यापूर्वी निकाली काढण्याचे बंधन न्यायालयाने स्वतःवर घालून घ्यावे. ही मागणी दिल्लीत आपोआप ऐकू जाणार नाही. मुरूडच्या कोळीवाड्यातून, उरणच्या खाडीकाठावरून आणि महाडच्या बाजारपेठेतून ती उठली पाहिजे. मत ज्याने दिले, त्यानेच त्याचा हिशेब मागायचा असतो.