सुई कोठे टोचावी?

केंद्र सरकारने २०१९ साली अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. शेजारच्या महाराष्ट्राने तर त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. राजमान्यता लाभली की अभ्यासक्रम येतो, परीक्षा येते आणि नावापुढे लावावयाची अक्षरेही येतात. कंबरदुखीने जेरीस आलेला रुग्ण त्या अक्षरांकडे पाहूनच पैसे मोजतो. म्हणून या पद्धतीचा विद्यार्थी नेमके काय शिकतो, हा प्रश्न आता वैद्यांपुरता राहिलेला नाही.

तो मुख्यत्वे जागा शिकतो. शरीरातील ठरावीक वाहिन्यांतून 'ची' नावाची प्राणशक्ती खेळते व त्या वाहिन्यांवरील नेमक्या बिंदूंवर सुई टोचली असता व्याधी हटते, असा हा सिद्धांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेले असे बिंदू ३६१ आहेत. या विद्येशी आपले नातेही आहे. काँग्रेसने १९३८ साली चीनला धाडलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते; त्याच पथकातील डॉ. बिजय बसू यांनी पुढे ही विद्या भारतात आणली.

या सिद्धांताची परीक्षा जर्मनीत झाली. कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी, त्याही उथळ. तिसऱ्याला औषधे, व्यायाम आदी नेहमीचे उपचार दिले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर सुधारणा दिसली ती पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात अवघ्या २७.४ टक्के रुग्णांत. म्हणजे सुयांनी नेहमीच्या उपचारांवर मात केली खरी, पण चुकीच्या जागेच्या सुयांनीही केली!

अमेरिकेत तर २००९ साली याहून मौज झाली. तेथे ६३८ रुग्णांपैकी एका गटाला सुई न टोचता, योग्य बिंदूंवर नळीतून दात कोरण्याची काडी नुसती टेकविली. खऱ्या सुयांनी जेवढा गुण आला, जवळपास तेवढाच काडीनेही आला. जर्मनीत जागेचे महत्त्व डळमळले होते. येथे टोचण्याचेही डळमळले.

समर्थकांच्या बाजूनेही पुरावा आहे व तो दडविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१२ साली २९ चाचण्यांतील सुमारे १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा खरा उपचार खोट्यापेक्षा सरस ठरला. ढोबळ प्रमाण सांगायचे तर वेदना निम्म्यावर येणारे रुग्ण खऱ्या सुयांनी ५० टक्के, खोट्यांनी ४२.५ टक्के आणि सुयांवाचून ३० टक्के. फरक आहे, पण लहान. शिवाय आपण खरी सुई टोचतो आहोत की खोटी, हे टोचणाऱ्यास ठाऊक असते. त्याच्या हाताचा व बोलण्याचा विश्वास रुग्णापर्यंत पोहोचल्यावाचून कसा राहील?

रुग्णाला आराम पडतो, तो खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. अर्धा तास शांतपणे पडून राहणे, कोणीतरी आस्थेने विचारपूस करणे, आता बरे वाटेल ही आशा, या गोष्टी दुखण्यावर चालतात. जर्मनीने तर कंबर व गुडघेदुखीपुरता या उपचाराचा खर्च आरोग्य विम्यातून देण्याचे ठरविले. मात्र हा आराम वेदनेपुरता आहे. त्याच्या बळावर बिंदूंच्या नकाशाला शास्त्राची मोहोर लावणे, आणि मग त्याच नकाशावर मधुमेहापासून दम्यापर्यंत सर्व रोगांवर इलाज असल्याची पाटी टांगणे, हे आम्हांस मान्य नाही.

एका बाबतीत मात्र सुईची जागा निर्विवाद महत्त्वाची आहे. छातीवर वा खांद्याजवळ ती खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. असे अपघात घडले आहेत. तेव्हा परवाना देणाऱ्यांनी उमेदवाराला वाहिन्यांची नावे विचारण्याआधी बरगड्यांखाली फुप्फुस किती खोलीवर असते ते विचारावे, आणि कोणता रुग्ण सुया बाजूस ठेवून तत्काळ इस्पितळात धाडावयाचा, हेही.